खाटेपासून लांब नेणारी बढती : नर्सिंगमधल्या पदवीधर भगिनींना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या नर्सिंग महाविद्यालयांतल्या प्राध्यापिका, पाठ्यनिर्देशिका आणि "आम्ही ग्रॅज्युएट" असं आवर्जून सांगणाऱ्या माझ्या सगळ्या भगिनी (ब्रदरसुद्धा),

स. न. वि. वि.

यंदाच्या १२ मेच्या, परिचारिका दिनाच्या कार्यक्रमाला मी होते. हॉल मोठा होता, पहिल्या दोन रांगांत सोफे मांडले होते आणि सोफ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या : प्राध्यापिका, एम.एस्सी., अधिसेविका (रुग्णालयाच्या नर्सिंगप्रमुख). मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांवर आम्ही वॉर्डातल्या. आणि भिंतीला टेकून उभ्या होत्या त्या एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका. सकाळी साडेसातला येऊन रांगोळी त्यांनीच काढली होती, पुष्पगुच्छही त्याच आणून देत होत्या आणि मध्यंतरात चहाचे ट्रेही त्यांच्याच हातात होते. दिवे घेऊन शपथ म्हणायची वेळ आली तेव्हा मेणबत्त्या तिसऱ्या रांगेपर्यंतच पुरल्या.

मग एका बाईंचं भाषण झालं. नाव लिहीत नाही, कारण त्यांनी वेगळं काहीच सांगितलं नाही. आपण सगळ्या जे स्टाफरूममध्ये बोलतो तेच त्या माइकवर बोलल्या. "जीएनएमचे हात शिकलेले असतात, बीएस्सीचं डोकं शिकलेलं असतं." (जीएनएम म्हणजे नर्सिंगची पदविका, बीएस्सी म्हणजे चार वर्षांची पदवी.) हशा झाला, टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांची सवय आहे, व्यासपीठावरून कोणी बोलायचं थांबलं की हात आपोआप वाजतात.

माझ्या खुर्चीमागे उभी असलेली एक एएनएम खाली वाकून माझ्या कानात म्हणाली, "बाई, मग आमचं काय शिकलेलं असतं?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी पोचेपर्यंत सुचलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी माझं सांगते, म्हणजे हे पत्र कुठल्या खुर्चीवरून आलंय ते कळेल. १९९३ साली सरकारी शाळेत जीएनएमला लागले. तेव्हा विद्यावेतन मिळायचं आणि त्या बदल्यात आम्ही अख्खं रुग्णालय ओढायचो. दुसऱ्या वर्षाची मुलगी नाइटला एकटी वॉर्ड सांभाळायची, यात कोणाला काही वावगं वाटत नसे. पुढे अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स झाले. २००८ च्या सुमाराला डेप्युटेशनवर पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतर करायची पदवी) केलं. म्हणजे हातही शिकले आणि तुमच्या हिशेबाने डोकंही. आज एका जिल्हा रुग्णालयात स्त्री वैद्यकीय कक्षाची परिसेविका (इन्चार्ज सिस्टर) आहे. त्यामुळे "जीएनएम आहे, जळते आहे" असं म्हणून हे पत्र बाजूला ठेवता येणार नाही, एवढीच सोय मी करून ठेवली आहे.

आणि एक कबूल करून टाकते. पदवी हवीच. याबाबत माझं तुमच्याशी भांडण नाही. पोस्ट बेसिक करण्याआधी मी औषध देत होते. का देतेय हे त्यानंतर मला नीट कळलं. तुमची एक तक्रारही रास्त आहे : राज्याच्या भरतीत अधिपरिचारिकेच्या पदाला जीएनएमही चालते आणि बीएस्सीही, वेतनश्रेणी एकच. चार वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा दिलेल्या मुलीला याचं वाईट वाटणारच. एम्सच्या भरतीत निदान फरक तरी केलाय. बीएस्सीला थेट अर्ज करता येतो, जीएनएमला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. (या अटीकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. दोन वर्षं पेशंटजवळ काढली की पदवीची भरपाई होते, असं ती अट लिहिणाऱ्यानेच मान्य केलंय की!)

तुमच्यातल्या अभ्यासू बाई भाषणात एक परदेशी अभ्यास हमखास सांगतात. मीही पोस्ट बेसिकला तो कुठेतरी लिहिलाच असता, पण तो छापून आला २०१४ साली, 'लॅन्सेट'मध्ये. लिंडा एकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांत ३०० रुग्णालयांतल्या चार लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी होते, असं त्यातून निघालं. बरोबर आहे. स्लाइडवर हे मोठ्या अक्षरांत असतं.

पण त्याच अभ्यासात, त्याच पानावर दुसरंही वाक्य आहे. एका परिचारिकेकडे एक रुग्ण जास्तीचा आला की दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. हे वाक्य स्लाइडवर कधीच का नसतं हो? आमच्याकडे नाइटला चाळीस पेशंट आणि एक सिस्टर असते. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयाला पाचास एक आणि अध्यापन रुग्णालयाला तिनास एक असं आहे. ते आपण परीक्षेत लिहितो आणि मार्क घेतो. चाळिसाला एक या हिशेबात त्या सिस्टरकडे कुठली पदवी आहे हा प्रश्न उरतच नाही, ती फक्त पळत असते. अभ्यासातलं पहिलं वाक्य आपली प्रतिष्ठा वाढवतं आणि दुसऱ्यासाठी मंत्रालयाशी भांडावं लागतं, म्हणून आपण पहिलंच पाठ केलं, असं माझं मत झालंय.

आता मूळ मुद्द्यावर येते. तो एका चादरीचा आहे.

मागच्या पावसाळ्यात माझ्या वॉर्डात सत्तरीच्या एक आजी होत्या. पक्षाघात, उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला त्या केस म्हणून दिल्या होत्या. मुलगी हुशार होती, अक्षर मोत्यासारखं. तिने केअर प्लॅन लिहिला, समास आखून, मथळे लाल शाईने. 'रिस्क फॉर इम्पेअर्ड स्किन इंटिग्रिटी' (कातडीला जखम होण्याचा धोका) हे निदान पहिल्या क्रमांकावर होतं आणि ते अगदी अचूक होतं. खाली उपाय लिहिले होते, दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, आणि पुढे आठ, दहा, बारा अशा वेळा लिहून टिक केलेली. साडेबाराला तिच्या मॅडम राउंडला आल्या. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी फाइल वाचली, एका स्पेलिंगखाली रेघ मारली, सही केली, "गुड" म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. मला त्यांचा राग नाही. त्यांना त्या दिवशी अठ्ठावीस मुलींच्या फाइली बघायच्या होत्या.

त्या गेल्यावर मी आजींच्या पाठीखाली हात घातला. चादर ओली होती. आत्ताची ओल नव्हे, पार गार पडलेली. माकडहाडावर रुपयाएवढी लाली. बोटाने दाबली तर पांढरी होईना. पांढरी होऊन परत लाल झाली असती तर वेळ होती. होत नाही म्हणजे बेडसोअरची, पडून राहून होणाऱ्या जखमेची पहिली पायरी सुरू झाली. उजवी टाच तशीच.

मुलीला हाक मारली. "यांना वळवलंस कधी?" ती गप्प. मग खरं बोलली, आणि त्याबद्दल मला ती आवडली. "मॅडम, लिहायला वेळ पुरला नाही. आणि वळवायचं काम मावशींचं ना? आम्हाला सांगितलंय की आपण प्लॅन करायचा."

मग मी आणि मावशींनी तिला दाखवलं. ड्रॉ शीट (पेशंटखालची आडवी चादर) कशी धरायची, एक तळवा खांद्याखाली आणि एक ढुंगणाखाली कसा सरकवायचा, पेशंटला ओढायचं नाही तर उचलून वळवायचं, कारण ओढताना कातडी चादरीला घासते आणि तिथेच जखमेला सुरुवात होते. गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटरीखाली घडी, म्हणजे टाच अधांतरी राहते. हे सगळं चार मिनिटांचं काम. त्यातलं निम्मं मावशींनी सांगितलं, ज्या सातवी नापास आहेत. वळवताना आजींनी डाव्या हाताने त्या मुलीचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. फाइलमध्ये 'संवाद साधता येत नाही' असं लिहिलेलं होतं.

आता सांगा, यात शिकलेलं डोकं कोणाचं आणि शिकलेले हात कोणाचे?

बेडसोअर होऊ न देणं ही आपल्या धंद्यातली मोठी विद्या आहे आणि ती कुठेही दिसत नाही. न झालेल्या जखमेची नोंद कोण करणार? मुंबईच्या केईएममध्ये तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग, त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर, १९७३ पासून २०१५ पर्यंत पडून होत्या. त्यांच्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना ४२ वर्षं भरवलं, पुसलं, वळवलं. एक पिढी निवृत्त झाली की दुसरीने हातात घेतलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाच्या निकालात या परिचारिकांचं तोंड भरून कौतुक केलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळून असूनही अंगावर बेडसोअर नाहीत, हे न्यायालयापुढे आलं होतं. एवढी मोठी गोष्ट आपल्या नावावर आहे, आणि आपण हॉलमध्ये बसून हात मोठे की डोकं मोठं यावर टाळ्या वाजवतो.

आपल्या बढतीची शिडी नीट बघा. अधिपरिचारिका पेशंटला हात लावते. परिसेविका झाली की इंडेंट (सामानाची मागणी), ड्युटी लिस्ट, तुटलेल्या सक्शनची पत्रं. सहाय्यक अधिसेविका झाली की राउंडपुरती वॉर्डात. अधिसेविकेचं ऑफिस तर बहुतेक ठिकाणी वेगळ्याच मजल्यावर. आणि शिकवायला गेलं की एप्रन चढला, खाट सुटली. एकेक पायरी वर म्हणजे खाटेपासून दोन पावलं लांब. मग चोवीस वर्षांच्या मुलीने काय समजायचं? पेशंटजवळ असणं म्हणजे अजून मागे राहिलेलं असणं, हेच ती समजते. जी बाई पन्नाशीतही नाइटला व्हेन शोधतेय तिच्याकडे बघून तुमची विद्यार्थिनी हळहळते, "बिचारी, पुढे शिकली नाही." त्या 'बिचारी'ने डिहायड्रेशन झालेल्या, नीळ पडलेल्या सहा महिन्यांच्या बाळाची शीर अंधाऱ्या वॉर्डात मोबाइलच्या उजेडात मिळवलेली असते. डॉक्टर तिलाच उठवून बोलावतात. पण त्या कौशल्याला पदनाम नाही, श्रेणी नाही, सेवापुस्तकात ओळ नाही.

पदनामावरून आठवलं. केंद्र सरकारने २०१६ साली आपल्या रुग्णालयांतल्या स्टाफ नर्सला 'नर्सिंग ऑफिसर' म्हणायचं ठरवलं. मला आनंद झाला होता, उगाच खोटं कशाला बोलू. नातेवाइकांनी "ए सिस्टर" म्हणून चुटकी वाजवण्यापेक्षा बरं. पण आमच्याकडच्या एका चर्चेत एक ताई म्हणाल्या, "ऑफिसर झाल्यावर बेडपॅन कोण देणार, याचा आधी निर्णय व्हायला हवा." सगळ्या हसल्या. मला मात्र वाटतं, नाव बदलण्यामागची सगळी घाई त्या एका वाक्यात बाहेर आली.

हे काही आपण शोधून काढलेलं नाही, जुनं आहे. ज्यांचा जन्मदिवस म्हणून आपण दिवे लावतो त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या नावाने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये शाळा निघाली. पुढे तिथे दोन प्रकारच्या विद्यार्थिनी असायच्या. साध्या घरातल्या मुलींना शाळा थोडे पैसे द्यायची; घरंदाज 'लेडी' स्वतःचा खर्च भरायच्या आणि त्यांनाच मेट्रन (मुख्य परिचारिका) होण्यासाठी तयार केलं जायचं. नंतर तिकडच्याच एक परिचारिका, बेडफर्ड फेनविक बाईंनी परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी म्हणून तीस वर्षं झगडा दिला. त्यांच्या विरोधात कोण उभं होतं? खुद्द नाइटिंगेल. चांगली परिचारिका परीक्षा घेऊन ओळखता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी १९१९ मध्ये कायदा झाला आणि नोंदवहीत पहिला क्रमांक फेनविक बाईंनी स्वतःचा लावला! मला यात दोघींचंही पटतं आणि दोघींचंही खटकतं. नोंदणी झाली नसती तर आज कोणीही पांढरे कपडे घालून नर्स म्हणवली असती (तालुक्याच्या ठिकाणच्या खासगी दवाखान्यांत अजून तेच चालतं, तो वेगळ्या पत्राचा विषय). पण फेनविक बाईंना नोंदवही हवी होती ती दार बंद करण्यासाठीही, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे तर दार उघडायलाच कोणी तयार नव्हतं. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या बायकांना, त्यांतल्या कित्येक विधवा, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा पुण्यातल्या चांगल्या घरांतून काय काय बोललं गेलं असेल याची कल्पना करा. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, कुठल्या कुठल्या जातीच्या माणसाची घाण काढायची! घाणीला हात लावणारी बाई हलकी, हा विचार तिथून आलाय. शंभर वर्षांनी आपण तो पुसला नाही, फक्त खाली सरकवला. डॉक्टरांनी आपल्यावर टाकला, आपण एएनएमवर टाकला, एएनएमने मावशींवर. प्रत्येक वॉर्डात शेवटी बेडपॅन कोणाच्या हातात जातं आणि त्या माणसाचं आडनाव काय असतं, हे तुम्हीही बघता आणि मीही बघते. याला 'व्यावसायिक दर्जा' असं भारदस्त नाव दिलं म्हणून त्याचा वास जात नाही.

आता तुम्हाला वाटेल, ही बाई फार शहाणी. नाही. माझं ऐका.

पोस्ट बेसिक करून परत आले त्यानंतरच्या वर्षी माझी नेमणूक प्रसूती कक्षात होती. तिथे एनआरएचएममधून (राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून) कंत्राटी एएनएम द्यायचे. मी त्यांना नावाने हाक मारायचे नाही, "एएनएम, इकडे ये" म्हणायचे. एका रात्री त्यांच्यातली एक माझ्याकडे आली. "बाई, सात नंबरची बाळंतीण मला बरोबर वाटत नाही. सारखं पाणी मागते आणि जांभया देते."

मी म्हणाले, "बीपी किती?"

"एकशे दहा, सत्तर."

"मग? बीपी चांगलं आहे ना. तू तुझं रजिस्टर पुरं कर."

ती गेली. रजिस्टर उघडून बसली, पण बघत होती सात नंबरकडे. वीस मिनिटांनी ती न विचारताच उठली, पेशंटच्या पोटावर हात ठेवला आणि ओरडली. गर्भाशय लोण्यासारखं मऊ, आत रक्ताच्या गाठी साचलेल्या. मग सगळी पळापळ : पोट चोळणं, ऑक्सिटोसिन, दुसरी व्हेन, डॉक्टरांना उठवणं, पहाटेपर्यंत रक्ताच्या दोन पिशव्या. बाई वाचली. तिच्या मुलीचं बारसं झालं असेल, शाळेत जात असेल.

तरुण बाळंतिणीचं बीपी सगळ्यात शेवटी पडतं, हे मला माहीत होतं. तहान, अस्वस्थपणा, जांभया ही आधीची लक्षणं, हेही माहीत होतं. सहाच महिन्यांपूर्वी परीक्षेत लिहिलं होतं, त्याला मार्कही मिळाले होते. आणि समोर कोणीतरी ते जसंच्या तसं सांगत होतं, तर मला ऐकू आलं नाही, कारण सांगणारी एएनएम होती. दोन दिवसांनी मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "उपकेंद्रात होते तेव्हा बीपीचं मशीन बंदच असायचं. तोंडाकडे बघायची सवय लागली."

१२ मेला माझ्या खुर्चीमागे उभी होती ती हीच. अठरा वर्षं झाली, अजून कंत्राटी आहे, कायम होण्यासाठी समायोजनाच्या यादीची वाट बघतेय. ती वीस मिनिटं आमच्यात कधी बोलली गेली नाहीत. म्हणून तिच्या प्रश्नाला मला उत्तर सुचलं नाही.

उपकेंद्रांवरही हेच. २०१८ पासून आयुष्मान भारतात समुदाय आरोग्य अधिकारी आले, बीएएमएस झालेले, पुढे बीएस्सी नर्सिंगवालेही. सहा महिन्यांचा कोर्स करून चोवीस वर्षांची मुलगी उपकेंद्रात येते आणि वीस वर्षं गावचा प्रत्येक उंबरा ओळखणाऱ्या आरोग्य सेविकेच्या (म्हणजे एएनएमच्याच) वर बसते. काही ठिकाणी दोघींचं छान जमतं. जिथे जमत नाही तिथे सेविकेच्या नशिबी टॅबवर माहिती भरणं येतं आणि नव्या अधिकारी ताईंच्या नशिबी गावकऱ्यांचं "आमच्या जुन्या सिस्टर कुठायत?" हे ऐकणं. दोघींनाही यात सुख नाही.

पुढे शिकायची वाट कागदावर उघडी आहे. एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो, जीएनएमला पोस्ट बेसिकला. पण रजा कोण देणार, तीन वर्षं घर कोण चालवणार? कंत्राटी असेल तर नोकरीच जाते. मध्यंतरी जीएनएमच बंद करायचं आणि सगळ्या शाळांची महाविद्यालयं करायची असं परिषदेने ठरवलं होतं, मग ते मागे पडलं. तेव्हा आपल्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं, "आता तरी प्रोफेशन स्वच्छ होईल." 'स्वच्छ' हा शब्द मी विसरलेली नाही.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. पुढच्या काही वर्षांत अभ्यासक्रम, नोंदणी, दर्जा हे सगळं नव्याने मांडलं जाईल. त्या बैठकांना तुम्ही जाल. मी किंवा माझ्यामागे उभी असणारी ती, आम्ही जाणार नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय.

तिथे एवढं बोला. शिकवणाऱ्या प्रत्येक बाईची आठवड्यातून निदान एक पूर्ण ड्युटी वॉर्डात लागली पाहिजे, राउंड नव्हे, ड्युटी : ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती) घेऊन, ओव्हर देऊन, मधल्या काळात चार पेशंट स्वतःच्या नावावर. मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवणारा माणूस स्वतः ऑपरेशन करतो. आपल्याकडेच शिकवणं आणि करणं यांची फारकत का? वॉर्डातच राहून वर चढता येईल अशी एक श्रेणी मागा, जिला मिळेल तिने खाट सोडायची गरज नाही आणि पगार मात्र सहाय्यक अधिसेविकेचा. एएनएमला नोकरी न सोडता, पगार चालू ठेवून पुढे शिकता येईल अशा जागा मागा. पाचास एकचं प्रमाण मागताना मात्र पदवी विचारू नका, तिथे आपण सगळ्या एका बाजूला असायला हव्यात. डॉक्टर राउंडला येतात आणि "सिस्टर, फाइल" म्हणून हात पुढे करतात, मान वर करत नाहीत, तेव्हा आपल्याला काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. तिथे तुमची एम.एस्सी. आणि माझं जीएनएम सारखंच अदृश्य असतं.

भाषणातल्या त्या बाईंना एक निरोप. रागावून लिहिलेलं नाही. तुमची एक विद्यार्थिनी, तीच मोत्यासारख्या अक्षराची, आता तिसऱ्या वर्षाला आहे. परवा वॉर्डात आली तेव्हा तिने फाइल उघडण्याआधी बाह्या वर केल्या आणि पेशंटची चादर हाताने चाचपून बघितली. तिची परीक्षा तुम्ही घ्याल तेव्हा याला मार्क कुठल्या रकान्यात द्यायचे ते ठरवून ठेवा.

आणि जमलं तर या महिन्यात एक दिवस माझ्या वॉर्डात ड्युटीला या. तुम्हाला राउंडला नाही बोलावत. ओव्हर पावणेआठला असतं, बेड टू बेड. एक नंबरपासून सुरू करतो. सोळा आणि सतरा नंबरच्या दोघीही पूर्ण पडून आहेत, त्यांना आठला वळवायचं असतं. दोघी जणी लागतात.

आपली,
एक परिसेविका
(जीएनएम, नंतर पोस्ट बेसिक)

ता. क. : चहा आमच्याकडे अकराला होतो. ज्या दिवशी ज्याची पाळी, त्याने करायचा. मंगळवारी माझी असते. मावशींना साखर कमी लागते.